दहा चषकांचं विरजण

महिला फुटबॉलचा पहिला विश्वचषक १९९१ मध्ये चीनमध्ये झाला, नववा २०२३ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये. या नऊच्या नऊ स्पर्धांत खेळलेले देश किती असतील? फक्त सात. अमेरिका, जर्मनी, ब्राझील, नॉर्वे, स्वीडन, जपान ही नावं थोडा विचार केला तर सुचतात. सातव्या नावाशी मात्र गाडी अडते. इंग्लंड? नाही. फ्रान्स? तोही नाही. सातवा देश आहे नायजेरिया!

२०२३ चा विश्वचषक जिंकणारा स्पेन या स्पर्धेत पहिल्यांदा उतरला २०१५ मध्ये. तोवर नायजेरियाच्या मुली सहा विश्वचषक खेळून आल्या होत्या. त्यांच्या संघाला जग ‘सुपर फाल्कन्स’ म्हणून ओळखतं. पश्चिम आफ्रिकेतल्या या देशात महिला फुटबॉलपटूंना पगार वेळेवर मिळेल याची खात्री नसते, सरावाची मैदानं खडबडीत असतात. तिथून हा संघ दर वेळी येतो कुठून?

आता आफ्रिकेतला हिशेब बघा. महिलांची आफ्रिकी अजिंक्यपद स्पर्धा १९९८ मध्ये आजच्या स्वरूपात सुरू झाली. तेव्हापासून २०२५ च्या जुलैपर्यंत तेरा स्पर्धा झाल्या आणि त्यातल्या दहा नायजेरियाने जिंकल्या. याहून थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. या संघाने अंतिम सामनेही दहाच खेळले आहेत. म्हणजे अंतिम सामन्यात पोहोचून हरणं हे त्यांच्या बाबतीत एकदाही घडलेलं नाही. २००४ च्या अंतिम सामन्यात त्यांनी कॅमेरूनला ५-० असं हरवलं आणि त्यातले चार गोल एकटीने केले पर्पेच्युआ न्क्वोचाने. अंतिम सामन्यात चार गोल!

हे सगळं लोकसंख्येच्या जोरावर झालं असेल का? नायजेरियात वीस कोटींहून जास्त माणसं राहतात हे खरं. पण नुसत्या लोकसंख्येने संघ घडत असता, तर भारताचा महिला संघ विश्वचषकात एकदा तरी दिसला असता. कारण दुसरीकडे शोधायला हवं.

सुरुवातीला जाऊ. नायजेरियात महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९९० मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी हा संघ चीनमध्ये पहिल्या विश्वचषकात उभा होता. तिथे प्रशिक्षक होते जो बॉनफ्रेर. याच गृहस्थांनी पुढे १९९६ मध्ये नायजेरियाच्या पुरुषांना ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिलं. चीनमध्ये मात्र तीन सामने, तीन पराभव, आणि नायजेरियाच्या खात्यात एकही गोल नाही. १९९५ मध्ये स्वीडनमध्ये पहिल्याच सामन्यात नॉर्वेने आठ गोल चढवले. एवढा मार खाल्लेला संघ पुढच्या सामन्यात काय करेल? पाय मागे घेईल, सगळ्यांना बचावाला उभं करेल. या मुलींनी कॅनडाशी ३-३ अशी बरोबरी केली.

मार खाऊन पुन्हा हल्ल्यालाच जायचं, ही सवय तेव्हापासूनची. तिचं सगळ्यात देखणं दर्शन घडलं १९९९ मध्ये अमेरिकेत. शिकागोच्या भरगच्च मैदानात यजमान अमेरिकेविरुद्ध सामना सुरू होऊन दोन मिनिटं होतात न होतात तोच न्किरू ओकोसिएमेने गोल केला. साठ हजारांहून जास्त प्रेक्षक गप्प! त्यानंतर अमेरिकेने सात गोल केले, ही गोष्ट वेगळी. पण तीनच दिवसांत नायजेरियाने डेन्मार्कला २-० असं हरवलं आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. आफ्रिकेतला दुसरा कोणताही महिला संघ २०२३ पर्यंत तिथे पोहोचलेला नाही.

तिथे समोर ब्राझील होता. मध्यंतराला ब्राझील ३-० ने पुढे. इथे सामना संपल्यात जमा असतो. पण ६३ व्या मिनिटाला प्रिस्का एमेआराने एक गोल फेडला, ७२ व्या मिनिटाला ओकोसिएमेने दुसरा, आणि ८५ व्या मिनिटाला न्केची एग्बेने बरोबरी साधली. ३-३! तेव्हा ‘गोल्डन गोल’चा नियम होता. जादा वेळेत जो पहिला गोल करेल तो जिंकला, सामना तिथल्या तिथे बंद. तो गोल ब्राझीलच्या सिसीने फ्री किकवर केला. नायजेरिया हरला, पण त्या दिवसापासून या संघाला कुणी ‘भाग घ्यायला आलेला’ समजलं नाही.

त्या १९९९ च्या संघात इफेआनी चिएजिने नावाची मुलगी होती. मैदानात उतरली तेव्हा तिचं वय सोळा वर्षं आणि चौतीस दिवस होतं. महिला विश्वचषकातली सर्वांत लहान खेळाडू हा तिचा विक्रम तब्बल २०२३ पर्यंत टिकला. आणि त्याच २०२३ मध्ये नायजेरियाच्या संघात ओनोमे एबी होती. वय चाळीस, आणि संघाबरोबर तिचा हा सहावा विश्वचषक! आता या दोघींच्या जन्मतारखा शेजारी ठेवा. एबीचा जन्म ८ मे १९८३ चा, चिएजिनेचा १७ मे १९८३ चा. नऊ दिवसांच्या अंतराने जन्मलेल्या दोघी. एक सोळाव्या वर्षी विश्वचषकात उतरली, दुसरी चाळिसाव्या वर्षी संघात होती. चिएजिने २०१९ मध्ये, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी गेली. तिचा विक्रम मोडला तेव्हा ती हयात नव्हती, याची चुटपुट वाटते.

मला वाटतं, इथेच या संघाचं गुपित दिसायला लागतं. घरात दही कसं लागतं? कालच्या दह्यातला चमचाभर आजच्या दुधात जातो, आजच्यातला उद्याच्या. नायजेरियाच्या संघात हेच घडत आलं आहे. संपूर्ण संघ एकदम बदलला असं कधी होत नाही. जुन्या खेळाडूंच्या शेजारी सोळा-अठरा वर्षांची पोर उभी राहते आणि अंतिम सामना कसा खेळायचा हे बघून बघून शिकते. फ्लोरेन्स ओमागबेमीने खेळाडू म्हणून आफ्रिकी चषक जिंकले, ती संघाची कर्णधार होती, आणि २०१६ मध्ये तिने प्रशिक्षक म्हणूनही तोच चषक आणला.

पण दूध तर हवं ना? ते येतं कुठून? क्लबांची नावं वाचा: रिव्हर्स एंजल्स, बायेल्सा क्वीन्स, डेल्टा क्वीन्स, एडो क्वीन्स. रिव्हर्स, बायेल्सा, डेल्टा, एडो ही नायजेरियातल्या राज्यांची नावं आहेत आणि या क्लबांना पैसा त्या त्या राज्य सरकारकडून मिळतो. युरोपातल्या कित्येक धनाढ्य पुरुष क्लबांनी महिला संघ उभे केले, त्याच्या आधीपासून इथे राज्य सरकारच्या पैशावर मुली फुटबॉल खेळत होत्या. पगार तुटपुंजा, कधी महिनोन् महिने थकलेला. तरीही गल्लीत मुलांबरोबर खेळणाऱ्या पोरीला ‘पुढे काय?’ याचं काहीतरी उत्तर होतं.

लागोसजवळच्या इकोरोडूची असिसात ओशोआला अशीच वर आली. घरच्यांना तिने शिकावं असं वाटत होतं, तिला खेळायचं होतं. लागोसमधला एफसी रोबो, मग रिव्हर्स एंजल्स, मग २०१४ चा वीस वर्षांखालील विश्वचषक. तिथे सर्वोत्तम खेळाडूचा आणि सर्वाधिक गोलांचा असे दोन्ही मान तिचे. पुढे बार्सिलोनाकडून तिने युरोपचा चॅम्पियन्स लीग चषक जिंकला आणि आफ्रिकेतली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू म्हणून तिची सहा वेळा निवड झाली. सहा!

लहान वयोगटाच्या संघांची ही ताकद आपण आपल्या अंगणात पाहिली आहे. २०२२ चा सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. नायजेरियाच्या मुली मडगावात जर्मनीकडून पहिलाच सामना हरल्या. मग नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये त्यांनी अमेरिकेला पेनल्टी शूटआउटमध्ये घरी पाठवलं. उपांत्य सामना हरल्यावर तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात पुन्हा जर्मनी! नायजेरिया ३-० ने पुढे होता, जर्मनीने शेवटी तिन्ही गोल फेडले. थकलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुली अशा वेळी कोलमडतात. पण गोलरक्षक फेथ ओमिलाना उभी राहिली आणि शूटआउट ३-२ असा नायजेरियाचा झाला. या वयोगटातलं नायजेरियाच्या मुलींचं ते पहिलं पदक.

आणखी एक झरा परदेशातून येतो. शिक्षणासाठी, नोकरीसाठी बाहेर गेलेल्या नायजेरियन कुटुंबांच्या मुली आईबापांच्या देशाकडून खेळतात. बचावपटू मिशेल अलोझी कॅलिफोर्नियात वाढली, येल विद्यापीठात रेणूजीवशास्त्र शिकली. ह्यूस्टनच्या व्यावसायिक क्लबकडून खेळत असतानाच ती तिथल्या मुलांच्या रुग्णालयात कर्करोग संशोधनाच्या प्रयोगशाळेत अर्धवेळ काम करायची. एका वेळी प्रयोगशाळा आणि मैदान! २०२३ मध्ये ती विश्वचषकासाठी ऑस्ट्रेलियात होती. त्या स्पर्धेत नायजेरियाची गोलरक्षक न्नाडोझी हिने कॅनडाच्या क्रिस्टीन सिंक्लेअरची पेनल्टी अडवली. ही सिंक्लेअर म्हणजे आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये, पुरुष धरूनसुद्धा, सर्वाधिक गोल करणारी खेळाडू. न्नाडोझी तेव्हा बावीस वर्षांची होती. नायजेरियाने यजमान ऑस्ट्रेलियाला ३-२ असं हरवलं आणि पुढच्या फेरीत इंग्लंडकडून त्या हरल्या, पण फक्त शूटआउटमध्ये. खेळ चालू असताना त्यांना स्पर्धेत कुणीही हरवू शकलं नाही.

या मुलींना हक्काच्या पैशासाठी किती झगडावं लागलं, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही. २००४ मध्ये चषक जिंकल्यावर बोनससाठी त्या दक्षिण आफ्रिकेतल्या हॉटेलात ठाण मांडून बसल्या. २०१६ मध्ये पुन्हा आफ्रिका जिंकली, पुन्हा बोनस नाही. मग अबुजाच्या हॉटेलात धरणं धरलं आणि हातात फलक घेऊन थेट संसदेवर मोर्चा काढला. पैसे मिळाले. विजेत्या संघाला आपलंच बक्षीस मागत रस्त्यावर उतरावं लागलं, ही लाजिरवाणी गोष्ट आहे, आणि ती लाज खेळाडूंची नाही.

एवढ्यात बाकीची आफ्रिका जागी झाली. दक्षिण आफ्रिका २०२२ मध्ये विजेती ठरली. मोरोक्कोने पैसा ओतला, मैदानं बांधली, आणि स्पेनला विश्वविजेतं करणारे प्रशिक्षक होर्हे विल्दा यांनाच आणलं. २०२२ च्या उपांत्य सामन्यात याच मोरोक्कोविरुद्ध नायजेरियाच्या दोघींना लाल कार्ड मिळालं. नऊ जणी शूटआउटपर्यंत लढल्या आणि हरल्या. लाल कार्ड मिळालेल्यांपैकी एक होती लागोसच्या मुशीन भागातली रशीदत अजिबादे.

तीच अजिबादे २०२५ मध्ये कर्णधार होती. उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेशी १-१ अशी कोंडी झालेली, ९४ वं मिनिट, आणि अलोझीने जवळजवळ मध्यरेषेपासून उंच मारलेला चेंडू सगळ्यांना चकवून जाळ्यात गेला. २६ जुलैला अंतिम सामना रबातमध्ये, समोर मोरोक्को, सगळं मैदान त्यांच्या बाजूचं. बाराव्या मिनिटाला शेब्बाकचा गोल, चोविसाव्या मिनिटाला म्सुदीचा. मध्यंतराला ०-२.

उत्तरार्धात काय झालं? ६४ व्या मिनिटाला एस्थर ओकोरोंक्वोने पेनल्टीवर गोल केला. ७१ व्या मिनिटाला तिच्याच पासवर फोलाशादे इजामिलुसीने बरोबरी साधली. मोरोक्कोला पेनल्टी मिळाली, व्हिडिओ पाहून पंचांनी ती मागे घेतली. आणि ८८ व्या मिनिटाला ओकोरोंक्वोच्याच फ्री किकवर जेनिफर एचेगिनीने तिसरा गोल मारला. ३-२. स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू अजिबादे, सर्वोत्तम गोलरक्षक न्नाडोझी. राष्ट्राध्यक्ष टिनुबू यांनी प्रत्येकीला एक लाख डॉलरच्या मोलाची रक्कम आणि घर जाहीर केलं. बक्षीस योग्यच होतं. पण डेल्टा, एडो, बायेल्सातल्या क्लबांत खेळणाऱ्या मुलींचा पगार दर महिन्याला खात्यात जमा होणं हे माझ्या मते त्याहून मोठं काम आहे, आणि ते अजून व्हायचं आहे.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. पुढे कधी सुपर फाल्कन्सचा सामना लागला आणि मध्यंतराला त्या दोन गोलांनी मागे असल्या, तर टीव्ही बंद करू नका.