काम थांबविण्याचे शिक्षण

ज्या घरातील मुलगा वा मुलगी बेळगावहून बेंगळुरूस, मडगावहून पुण्यास किंवा बडोद्याहून परस्पर आखाती देशात नोकरीसाठी गेली आहे, त्या घरात अलीकडे ‘प्रिन्स टू’ हे नाव अधूनमधून कानावर पडू लागले आहे. सुटीत घरी आलेला मुलगा म्हणतो, “मला प्रिन्स टूची परीक्षा द्यावयाची आहे, फी भरावयास पैसे हवेत.” आईला वाटते, हे एखाद्या राजपुत्राचे प्रकरण असावे. बापाला वाटते, पदवीच्या कागदाशेजारी फ्रेम करून लावावयाचा हा आणखी एक कागद. आईची शंका एका वाक्यात फिटण्यासारखी आहे. बापाच्या शंकेला मात्र थोडे सविस्तर उत्तर दिले पाहिजे, कारण ती अगदीच निराधार नाही.

राजपुत्राशी या नावाचा काही संबंध नाही. ‘नियंत्रित परिस्थितीतील प्रकल्प’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून ते तयार झाले आहे. इंग्लंडमध्ये १९७५ साली सिम्पॅक्ट सिस्टिम्स नावाच्या कंपनीने संगणकाची मोठी कामे हाताळण्यासाठी ‘प्रॉम्प्ट’ नावाची कार्यपद्धती बसविली होती. ब्रिटिश सरकारच्या संगणक व दूरसंचार विभागाने ती उचलली, आपल्या गरजेप्रमाणे बदलली आणि १९८९ मध्ये ‘प्रिन्स’ या नावाने सरकारी संगणक-कामांसाठी प्रसिद्ध केली. पुढे १९९६ साली, संगणकाखेरीज इतर कोणत्याही कामाला लावता येईल अशी तिची दुसरी घडण झाली; म्हणून नावापुढे ‘टू’ आले. त्यानंतरही तिच्यात वेळोवेळी फेरफार झाले असून, सध्या चालू असलेली सातवी आवृत्ती २०२३ सालची आहे. २०२१ पासून तिची मालकी पीपलसर्ट या परीक्षा घेणाऱ्या खाजगी संस्थेकडे आहे.

पण ही पद्धती सांगते तरी काय? समजा, गावच्या शाळेला एक खोली वाढवावयाची आहे. अशा कामाचा आपला रिवाज वाचकांना परिचित आहेच. बैठक बसते, उत्साहाच्या भरात वर्गणीचे आकडे बोलले जातात, चार जण ‘मी पाहतो’ म्हणतात आणि त्यामुळे पाहणारा कोणीच उरत नाही. पाया भरून होतो, भिंती खिडकीच्या उंचीला येतात आणि पैसे संपतात. पुढच्या पावसाळ्यात त्या भिंतींवर गवत उगवते. तरीही ‘काम चालू आहे’ असेच सर्वजण म्हणत राहतात.

प्रिन्स टू प्रथम माणसे ठरविते. काम कशासाठी आणि कोणाच्या पैशाने होत आहे, याचा जबाब देणारा एक असावा. खोलीत जे बसणार व शिकविणार, त्यांच्या वतीने बोलणारा दुसरा असावा. आणि बांधणाऱ्यांच्या वतीने बोलणारा तिसरा असावा. या तिघांच्या मंडळाने मोठे निर्णय घ्यावेत. दररोजची देखरेख मात्र एकाच माणसाकडे सोपवावी आणि त्याला पैशाची व वेळेची ठराविक मुभा द्यावी. अंदाजाच्या वर अमुक हजार रुपये, ठरल्या दिवसाच्या पुढे दोन आठवडे, एवढ्यापर्यंत त्याने कोणास विचारू नये. त्यापलीकडे जाण्याचा रंग दिसताच, पैसे खर्च होऊन गेल्यावर नव्हे तर त्याआधी, मंडळाकडे यावे. यामुळे मंडळाला ऊठसूट बैठका भरवाव्या लागत नाहीत, आणि देखरेख करणाऱ्यालाही विटांच्या प्रत्येक गाडीसाठी सहीची वाट पाहावी लागत नाही.

मग वस्तू ठरवावयाची. ‘चांगली खोली’ म्हणजे काय, हे पायाची कुदळ मारण्यापूर्वी कागदावर यावयास हवे: मुले किती बसतील, फळ्यावर उजेड कोणत्या बाजूने पडेल, छप्पर कसले, आणि ‘खोली झाली’ हा शब्द कोण उच्चारील. गावातील पूर्वीची खोली का गळत होती, याची चौकशीही तेव्हाच करावयाची. मागच्या अनुभवाची नोंद ठेवणे हे या पद्धतीचे एक मूलतत्त्वच आहे. पुढे काम टप्प्यांत तोडावयाचे. पाया हा एक टप्पा, भिंती दुसरा, छप्पर तिसरा. मंडळ मंजुरी देते ती फक्त पुढच्या टप्प्यापुरती.

अशी एकूण सात तत्त्वे आहेत. सर्वांचा पाठ येथे देण्याचे कारण नाही. पाठ तर परीक्षार्थी करतातच. पण त्यांतील एक तत्त्व माझ्या मते इतर सहांचा कणा आहे. काम हाती घेण्याचे जे कारण होते, ते प्रत्येक टप्प्याच्या उंबरठ्यावर पुन्हा तपासून पाहावयाचे, आणि ते कारण उरले नसेल तर काम थांबवावयाचे. शाळेची पटसंख्याच घटली असेल, किंवा सरकारकडून नवी इमारत मंजूर झाली असेल, तर पाया भरून झालेला असला तरी भिंत उभारू नये. पायात गेलेले पैसे गेले. ते वाया जाऊ नयेत म्हणून आणखी पैसे घालणे हा हिशोब नव्हे. ऐकावयास हे सोपे आहे. पण भरल्या सभेत उठून ‘हे काम आता थांबवावे’ असे म्हणणाऱ्याला आपल्याकडे अपशकुनी ठरवितात, आणि वर्गणी सर्वांत अधिक दिलेल्या गृहस्थासमोर तर ते कोणी म्हणतच नाही. ही पद्धती तो प्रश्न विचारण्याचे काम एखाद्याच्या धाडसावर सोडीत नाही. टप्पा संपला की तो विचारलाच पाहिजे, असा दंडक घालते.

या दंडकाची किंमत काय, हे लंडन शहराला १९९२ साली कळले. तेथील रुग्णवाहिका सेवेकडे दररोज दोन हजारांहून अधिक हाका येत. आलेली हाक कागदावर लिहून घ्यावयाची, नकाशात ठिकाण शोधावयाचे आणि जवळची गाडी धाडावयाची, अशी जुनी रीत होती. हे सारे संगणकाने करावे असे ठरले. त्याआधीचा असाच एक प्रयत्न १९९० मध्ये मोठा खर्च होऊन सोडून द्यावा लागला होता, म्हणजे अनुभवाचा धडा समोरच होता. तरीही सर्वांत कमी रकमेची निविदा स्वीकारली गेली, मुदत फार तोकडी ठेवली गेली, आणि कामाचा खरा सूत्रधार कोण याविषयी अखेरपर्यंत संदिग्धता राहिली. रुग्णवाहिकेवरील लोकांना व नियंत्रण-कक्षातील लोकांना जे प्रशिक्षण दिले, ते यंत्रणा प्रत्यक्ष सुरू होण्याच्या इतके आधी की बरेचसे विस्मरणात गेले.

२६ ऑक्टोबर १९९२ रोजी सकाळी यंत्रणा सुरू केली गेली, तेव्हा नोंदलेल्या पण न सुटलेल्या ८१ अडचणी शिल्लक होत्या. गाड्या कोठे आहेत याची अचूक माहिती मिळाली तरच ती यंत्रणा नीट चालणार होती, आणि ती माहिती तशी मिळेना. एकाच ठिकाणी दोन-दोन गाड्या पोहोचू लागल्या, दुसरीकडे एकही नाही. गाडी आली नाही म्हणून लोक पुन्हा फोन करीत. त्यामुळे हाका वाढत आणि यंत्रणा अधिकच मंदावे. घरात आजारी मनुष्य आणि हातात फोन, अशा स्थितीत त्या दोन दिवसांत कित्येक कुटुंबे ताटकळत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धवट जुन्या रीतीकडे परतावे लागले. सेवेच्या मुख्य अधिकाऱ्याने राजीनामा दिला. ४ नोव्हेंबरच्या पहाटे तर यंत्रणा पूर्णच बंद पडली. एका प्रोग्रामरकडून नजरचुकीने राहून गेलेला छोटासा भाग संगणकाची स्मृती आठवडेच्या आठवडे कणाकणाने खात होता. त्यानंतर पुन्हा कागद आणि पेन्सिल आली. किती माणसे यामुळे दगावली याविषयी वृत्तपत्रांनी निरनिराळे आकडे छापले. मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी मात्र चौकशी-समितीचा अहवाल निघेपर्यंत कोणत्याही मृत्यूचे कारण गाडीचा उशीर हे ठरविले नव्हते.

तो अहवाल फेब्रुवारी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एक गोष्ट आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. हे काम ‘प्रिन्स’ पद्धतीने करावयाचे, असे ठरलेले होते! परंतु ती वापरण्याचा अनुभव कामावरील मंडळींना नव्हता आणि ती नीट पाळली गेली नाही. अडचणींच्या नोंदवह्या होत्या, नमुने होते, नाव होते. ‘८१ अडचणी बाकी असताना आपण उद्या सकाळी सुरुवात करावी काय?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देईल, अशी व्यवस्था मात्र नव्हती. पुढे त्याच सेवेने १९९६ मध्ये नवी यंत्रणा आणली, ती घाई न करता, टप्प्याटप्प्याने आणि वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांना सोबत घेऊन. आणि ती चालली.

आता बापाच्या शंकेकडे वळू. परीक्षा दोन आहेत. पहिली ‘फाउंडेशन’. तीत साठ मिनिटांत ६० प्रश्न सोडवावयाचे असतात. प्रत्येक प्रश्नाखाली दिलेल्या उत्तरांतून योग्य ते निवडावयाचे, आणि ३६ बरोबर आले की परीक्षार्थी उत्तीर्ण. पूर्वानुभवाची अट नाही. दुसरी ‘प्रॅक्टिशनर’. तीत एका कल्पित प्रकल्पाची हकीकत देतात आणि तीवर अडीच तासांत ७० गुणांचे प्रश्न विचारतात. ४२ गुण हवेत. या दुसऱ्या परीक्षेत अधिकृत ग्रंथ उघडून पाहण्याची परवानगी असते. पुस्तक समोर असल्याने परीक्षा सोपी होईल असे काहींना वाटते; प्रत्यक्षात ज्याने पुस्तक आधी वाचून खुणा करून ठेवलेल्या नाहीत, त्याचा निम्मा वेळ पाने उलटण्यातच जातो. ज्यांची मातृभाषा वा कामकाजाची भाषा परीक्षेची भाषा नाही, त्यांना एकचतुर्थांश वेळ जादा मिळू शकतो. मराठी शाळेत शिकलेल्या मुलांनी नाव नोंदवितानाच याची चौकशी करावी. प्रमाणपत्र तीन वर्षे चालते, नंतर त्याचे नूतनीकरण करावे लागते व त्यालाही खर्च आहे. फीचे आकडे बदलत असतात, म्हणून ते येथे देत नाही.

यावरून दिसेल की पहिले प्रमाणपत्र एवढेच सांगते: या माणसाला पद्धतीची परिभाषा येते. तेही टाकाऊ नाही. दहा देशांतील माणसे एका कामावर असतात तेव्हा ‘टप्पा’, ‘मुभा’, ‘मंडळ’ या शब्दांचा सर्वांनी एकच अर्थ घेणे ही मोठीच सोय आहे. पण अनुभवाची ग्वाही ते देत नाही. अमेरिकेतील ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट’ ही १९६९ साली स्थापन झालेली संस्था जी ‘पीएमपी’ परीक्षा घेते, तिला बसण्यापूर्वी पदवीधरालासुद्धा प्रकल्प चालविण्याचा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. नुकत्याच पदवीधर झालेल्या, अद्याप नोकरी नसलेल्या मुलाने कर्ज काढून एकामागून एक प्रमाणपत्रे गोळा करावीत, हे मला मुळीच पसंत नाही. ‘हे घ्या, नोकरी ठेवलेलीच आहे’ अशा जाहिरातींना तर लांबूनच नमस्कार करावा. उलट, नोकरीत असलेल्या आणि लहानसे का होईना काम सांभाळीत असलेल्या मुलीला ही परीक्षा द्यावयाची असेल, तर तिला अडवू नये. पुस्तकातील प्रत्येक प्रकरण वाचल्यावर आदल्या दिवशीच्या कामाशी ताडून पाहण्याची सोय तिला असते, आणि तसे वाचलेले ध्यानात राहते. फाउंडेशनला महागड्या वर्गाची सक्तीही नाही. ग्रंथ व सरावाच्या प्रश्नपत्रिका घेऊन दररोज संध्याकाळी तास-दोन तास बसणारा विद्यार्थी स्वतःच तयारी करू शकतो.

तेव्हा सुटीत आलेल्या मुलाने फी मागितली, तर त्याला हो किंवा नाही म्हणण्याआधी बापाने शांतपणे चार गोष्टी विचाराव्यात. तुझ्या कचेरीत ही पद्धती खरोखर चालते का? असल्यास कचेरी फी देते का? तुझ्या हाताखाली सध्या कोणते काम आहे? आणि चौथी, जी ऐकून मुलगा बहुधा थोडा वेळ गप्प बसेल: मध्येच थांबविलेले एखादे काम तुम्ही कधी पाहिले आहे का, आणि ते थांबवा असे प्रथम कोण म्हणाले?