आकाशाच्या वाटा आणि भूमीवरचे वैर

मुंबई आणि लंडन या दोन शहरांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. हा आकडा बदलणारा नाही. बदलत आला आहे तो काळाचा हिशेब. बोटीच्या काळी या प्रवासास दोन-तीन आठवडे लागत. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनकडे निघाले, तेव्हा त्यास कैरो व जिनिव्हा येथे थांबावे लागले. १९६० साली त्या कंपनीकडे बोइंग ७०७ ही जेट विमाने आली. आज वाटेत कोठेही न उतरता लंडन गाठण्यास सुमारे दहा तास पुरतात. परतताना पश्चिमेकडून वाहणारे उंचावरील वारे पाठीशी असतात, म्हणून जवळपास एक तास वाचतो.

शाळेतील पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये एक दोरा ताणून धरावा. तो भिंतीवरच्या नकाशातील सरळ रेषेप्रमाणे जात नाही, उत्तरेकडे झुकतो. कराचीवरून निघून तो बलुचिस्तान, इराण व काळा समुद्र ओलांडतो आणि युक्रेनवरून पोलंड व जर्मनीकडे वळतो. सर्वांत जवळची वाट ती हीच. परंतु ही नावे वाचताच सुज्ञ वाचकाच्या ध्यानात येईल की, विमानास ही वाट सहजासहजी लाभणारी नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे आकाश नागरी विमानांस बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांस मज्जाव केला व भारतानेही तसेच प्रत्युत्तर दिले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात इराणचे आकाशही काही काळ मिटले. रशियाने २०२२ साली युरोपीय विमानांना आपले आकाश नाकारल्यावर हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला, हे उदाहरणही बोलके आहे.

आपल्या भूमीवरील आकाशावर प्रत्येक राष्ट्राची पूर्ण सत्ता आहे, हे तत्त्व १९४४ च्या शिकागो करारातच मान्य झालेले आहे. त्याविषयी आमची तक्रार नाही. युद्धभूमीवरचे आकाश तर वेळीच बंद झाले पाहिजे. १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवर मलेशियाचे प्रवासी विमान पाडले गेले आणि २९८ जीव गेले. तेथील आकाश त्या उंचीवर आधीच बंद असते, तर तो अनर्थ टळला असता. पण जिवाच्या रक्षणासाठी घातलेली बंदी निराळी आणि प्रतिपक्षास अद्दल घडविण्यासाठी घातलेली बंदी निराळी. पहिलीत शहाणपण आहे. दुसरीचा दंड भरतो तो मात्र सामान्य प्रवासी. वळशाच्या वाटेवर जादा इंधन जळते, तिकीट महागते, आणि आईच्या अखेरच्या दर्शनासाठी परदेशातून निघालेल्या मुलाला तीन-चार तास उशीर होतो. त्या तासांचे मोल कोणत्याही सरकारच्या जमाखर्चात लिहिलेले नसते.

राष्ट्राराष्ट्रांत भांडणे होणारच. तथापि निःशस्त्र प्रवाशांच्या वाटा त्या भांडणांतून वगळाव्यात, असा निर्बंध सर्व राष्ट्रांनी मिळून स्वतःवर घालून घेतला पाहिजे, आणि तो आग्रह भारताने आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर पुढाकार घेऊन धरावा. यंत्रविद्येने आठवड्यांचे तास केले. त्या तासांत पुन्हा भर घालण्याचे काम राजकारणाने करू नये.