नोंद झाली तरच पुस्तक सापडते

ऑगस्ट लागला की आमच्या चिमुरात १९४२ च्या गोष्टी निघतात. १६ ऑगस्टच्या उठावाची आठवण सांगणारी माणसे आता थोडीच उरली. घरातल्या मुलीला शाळेत त्यावर निबंध लिहायचा होता. तेव्हा दादी म्हणाली, “तुझ्या दादांच्या पेटीत त्यावरची एक छोटी पुस्तिका होती. ती पेटी आपण वाचनालयाला दिली ना!”

आम्ही त्या वाचनालयात गेलो. ग्रंथपालांनी आतल्या खोलीतली पोती दाखवली. “भाऊ, पुस्तकं सारी आहेत, पण रजिस्टरला चढवली नाहीत. देवघेव, झाडलोट, हिशेब सारं मीच पाहतो. नोंदीला बसू कधी?” मुलीने निबंध त्या पुस्तिकेशिवायच दिला.

त्यांच्यावर राग धरावा असे आम्हाला वाटले नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यानुसार वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळते. त्यातूनच नवी पुस्तके, वीजबिल आणि कर्मचाऱ्यांचे वेतन भागवायचे. लहान गावात सगळा कारभार एका माणसावर येतो.

गावचे हे दुखणे देशाच्या सर्वांत मोठ्या ग्रंथालयालाही आहे. कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय १९०३ मध्ये इंपीरियल लायब्ररी म्हणून लोकांसाठी खुले झाले, १९४८ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकावर एक जबाबदारी टाकली आहे. पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत त्याची एकेक प्रत स्वखर्चाने कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील ठरलेल्या चार ग्रंथालयांना पाठवायची. न पाठवल्यास दंड आहे, पण तो ५० रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत. त्यामुळे कित्येक पुस्तके तिथे पोहोचतच नाहीत. जी पोहोचतात त्यांच्यापुढे दुसरी रांग असते.

आलेल्या पुस्तकाला आधी दाखल क्रमांक द्यावा लागतो. मग विषय पाहून वर्गांक ठरतो. लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष यांची नोंद तालिकेत होते, पाठीवर चिठ्ठी लागते आणि मगच पुस्तक कपाटात जाते. हे काम ती भाषा वाचता येणाऱ्या माणसानेच करायचे असते. मराठी जाणणारा निवृत्त झाला आणि जागा भरली नाही, तर मराठीचे गठ्ठे तसेच राहतात. उर्दूचेही तेच. समजा, रोज २० पुस्तके येतात आणि १२ चीच नोंद होते. रोजची आठ उरली, तर कामाच्या २५० दिवसांत २,००० पुस्तके मागे पडतात. पुढच्या वर्षी ती ४,००० होतात.

आपल्या नावांचा गुंता तर वेगळाच. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद कुठे ‘महंमद’, कुठे ‘महम्मद’, कुठे ‘मुहम्मद’ असे लिहिले जातात. शाहीर अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांना ‘अ’ खाली शोधायचे, ‘श’ खाली की ‘प’ खाली? जाणकार तालिकाकार एक नाव मुख्य धरतो आणि बाकीच्या नावांवरून तिकडे वाट दाखवतो. घाईत केलेल्या नोंदीत एकाच लेखकाचे तीन लेखक होतात. मग मुस्लिम मराठी लेखनाचा अभ्यास करणाऱ्याच्या हाती अर्धेच साहित्य लागते, आणि लोक म्हणतात, यांनी मराठीत लिहिलेच किती?

नोंदीची किंमत शंकर गणेश दाते यांना कळली होती. १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची सूची त्यांनी स्वतःच्या कष्टाने तयार केली आणि पुढे १९५० पर्यंत आणली. आजही जुने मराठी पुस्तक शोधणारा आधी दात्यांची सूची उघडतो. एका माणसाने एवढे केले याचे कौतुक आहेच. पण देशाचे काम अशा एकेका माणसावर सोडता येत नाही. त्यासाठी भरलेल्या जागा आणि वेळेवर पगार लागतो.

तोवर आपल्या हातात थोडे आहे. घरातील पुस्तके वाचनालयाला देताना सोबत यादी द्यावी: लेखक, शीर्षक, वर्ष, गाव. उर्दू पुस्तकांची नावे देवनागरीतही लिहावीत. जमातीच्या इतिहासाची किंवा गावच्या शाळेची स्मरणिका छापली, तर चारही ग्रंथालयांना प्रत पाठवून पोस्टाची पावती जपावी. आणि दोन महिन्यांनी जाऊन विचारावे, “दाखल क्रमांक किती पडला?”

आम्ही मुलांना घेऊन चार रविवार त्या पोत्यांपाशी बसलो. ग्रंथपाल सांगत गेले, मुले लिहीत गेली. तिसऱ्या रविवारी ती पुस्तिका निघाली. मुखपृष्ठ वाळवीने खाल्ले होते, आतली पाने शाबूत होती. तिला आता क्रमांक आहे. पुढच्या ऑगस्टमध्ये ज्याला निबंध लिहायचा असेल, त्याला ती मागता येईल.