कर्ज, शिल्लक आणि घराची डागडुजी



औंढ्यासारख्या गावात या विषयावर बोलायचे, तर सुरुवात पावसापासूनच केली पाहिजे. पुणे शहरात वर्षाकाठी सरासरी सात-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळ्याच्या परिसरात तो चार हजारांच्या वर जातो. म्हणून आपल्याकडे कौलारू घरांच्या काळी चैत्र-वैशाखात घर शाकारणे हे वर्षाचे एक कार्यच असे. फुटकी कौले बदलायची, किडका वासा काढायचा, रिपा ठोकायच्या आणि मृगाची वाट पाहायची. आता पुष्कळ घरांवर स्लॅब आला, पत्रे आले. पण गच्चीची भेग आणि पत्र्याचे भोक यांना मृगाची तिथी अजून ठाऊक आहे.

याच दिवसांत घरोघर एक वाद होतो. हाती चार पैसे असतात. घरातील एक म्हणतो, कर्जात भरू या. दुसरा म्हणतो, मुदत ठेवीत टाकू या. तिसरी व्यक्ती, आणि बहुधा दिवसाचे दहा तास त्या घरात वावरणारी, म्हणते की स्वयंपाकघराचा ओटा पडायला आला आहे, त्याचे काय? तिघांचेही खरे असते. वाद मिटत नाही याचे कारण असे की, आपण कर्ज, बचत आणि घर यांच्यात श्रेष्ठ कोण हे ठरवायला बसतो. तसे ते ठरत नाही. प्रश्न वेगळा विचारला पाहिजे: हे काम एक वर्ष थांबवले, तर त्या थांबण्याचे मोल किती पडेल?

हा प्रश्न एकेका गोष्टीला लावून पाहा. छप्पर गळते आहे. वर्षभर थांबलात तर आज तीस हजारांत होणारे काम पुढल्या वर्षी गिलावा, रंग, विजेच्या तारा आणि कदाचित सळया यांच्यासह अंगावर येते. येथे विलंब महाग. ओट्याला नवा ग्रॅनाइट हवा आहे. वर्षभर थांबलात तर थोडी भाववाढ सोसावी लागेल, एवढेच. दोन्ही खर्च ‘घराचे’ म्हणून आपण एका ओळीत लिहितो, ही पहिली चूक. आमच्या स्वतःच्या घरात मी हीच चूक केली. माजघरात सुंदर फरशी घातली आणि गच्चीची भेग पुढल्या वर्षावर ढकलली. श्रावणात भिंतीतून पाणी उतरले, फरशीखालचा भराव बसला आणि दिवाळीला पाहुणे येण्यापूर्वी मला दोन्ही कामांचे पैसे मोजावे लागले. फरशीचे तर दोनदा!

मात्र विलंबाचे मोल नेहमी रुपयांतच मोजता येते असे नाही. निसरड्या मोरीत म्हातारी आई रोज अंघोळ करते, तेथे खरखरीत फरशी आणि धरायला एक दांडी बसवणे ही चैन नव्हे. स्वयंपाकघरात धूर कोंडत असेल, तर तो बाहेर काढण्याची सोयही चैनीत मोडत नाही. असे खर्च छपराच्याच रांगेत बसवावेत.

आता कर्जाकडे वळू. सगळी कर्जे सारखी नसतात, हे सर्वांना ठाऊक असते. पण ती किती वेगळी असतात, हे कागदावर आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. समजा, एका कुटुंबाचे घरकर्ज ८ लाखांचे आहे, व्याज साडेआठ टक्के, मुदत १५ वर्षे. हप्ता सुमारे ७,८८० रुपये पडतो. पहिल्या महिन्यात त्यातले ५,६६७ रुपये व्याजातच जातात, मुद्दलात जेमतेम २,२०० उतरतात. त्याच कुटुंबाने क्रेडिट कार्डावर ४० हजार थकवले आहेत आणि त्यावर दरमहा साडेतीन टक्के आकारणी होते. महिन्याला १,४०० रुपये, वर्षाला १६,८०० रुपये निव्वळ व्याज! आणि गंमत अशी की, याच घराची एक लाखाची मुदत ठेव बँकेत सात टक्क्यांनी ‘सुरक्षित’ पडून आहे. त्यातल्या ४० हजारांवर वर्षाला २,८०० रुपये मिळतात. एका खिशात अठ्ठावीसशे घालायचे आणि दुसऱ्या खिशातून सोळा हजार आठशे काढायचे, याला बचत म्हणत नाहीत. ठेव मोडण्याचा दंड भरूनही ते कार्ड आधी मोकळे करावे.

व्याजाच्या बाबतीत आणखी एका जागी पुष्कळ सुशिक्षित माणसेही फसतात. घरदुरुस्तीसाठी कोणी ‘दहा टक्के सरळ व्याजाने’ लाख रुपये देऊ करतो, मुदत तीन वर्षे. वर्षाचे दहा हजार, तीन वर्षांचे तीस हजार. १,३०,००० भागिले ३६, म्हणजे हप्ता ३,६११. घरकर्ज साडेआठ टक्क्यांचे, हे दहाचे, फरक तो काय? फरक असा की, तुम्ही महिन्यागणिक मुद्दल परत करीत असता, तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर आकारले जाते. घटत्या शिलकेवर हिशेब केला, तर हे दहा टक्के जवळजवळ अठरा टक्के भरतात. म्हणून कर्ज घेताना दर किती, हे विचारून थांबू नये. तो घटत्या शिलकेवर आहे की मूळ रकमेवर, हे विचारावे.

येथे थोडे आडवळण घेतो. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली; आणि त्याच वर्षी मे महिन्याच्या १२ तारखेला आपल्याच जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. पुढे सरकारने चौकशी समिती नेमली. ‘कुणबी लग्नात उधळतो म्हणून बुडतो’ असे तेव्हा सर्रास बोलले जाई. समितीने मात्र लग्नकार्याच्या खर्चाला वाजवीपेक्षा अधिक दोष दिला जातो, असा अभिप्राय दिला. अडीनडीला काढलेल्या लहानसहान रकमा आणि त्यांवर चढत जाणारे व्याज, हे दुखणे मोठे होते. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला तो या प्रकरणातूनच.

हे जुने प्रकरण सांगण्याचा हेतू एवढाच की, आजही घर बुडते ते बहुधा मोठ्या खर्चाने नव्हे; हाती शिल्लक नसताना आलेल्या लहान खर्चाने. मुलाचे आजारपण, दुचाकीचा अपघात, दोन महिने थकलेला पगार. शिल्लक नसेल, तर या खर्चासाठी माणूस सर्वांत महागडे कर्ज काढतो, कारण घाईत स्वस्त कर्ज मिळत नाही. म्हणून शिलकीवर बँक किती व्याज देते, हा प्रश्नच गौण आहे. तिचे खरे उत्पन्न म्हणजे न काढलेले कर्ज.

किती शिल्लक ठेवावी? दरमहाचा पगार असेल, तर हप्त्यांसह तीन महिन्यांचा घरखर्च. पण मावळात पुष्कळांचे उत्पन्न महिन्याने येत नाही. इंद्रायणी तांदूळ आला की एकदम पैसा येतो. पावसाळ्यात पर्यटक आले की हॉटेल, गाडी, कणीस, चिक्की यांवर चार महिने घर चालते, आणि मार्च-एप्रिल कोरडे जातात. बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने एकाच तारखेला उभा! अशा घराने हंगामाचा पैसा हाती येताच पुढल्या सहा हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी आणि मगच बाजारात जावे.

शिल्लक कोठे ठेवावी, तेही सांगतो. बँकेतील ठेवींना, सहकारी बँका धरून, फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारास एका बँकेत पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवींना हा विमा लागू नाही. पतसंस्था वाईट असते असे मी म्हणत नाही. पण अडीअडचणीसाठी ठेवलेला पैसा एका टक्क्याच्या मोहाने तेथे नेऊ नये. भिशीचेही तसेच. ओट्यासाठी, कपाटासाठी भिशी झकास, कारण ती शिस्त लावते. आजारपणासाठी नव्हे, कारण आजार आपल्या चिठ्ठीची वाट पाहत नाही.

आता त्या मघाच्या कुटुंबाकडे परत येऊ. हप्ते धरून महिन्याचा खर्च २५ हजार. त्यातून कार्डाचे व्याज सुटल्यावर सहा हजार उरतात. बचत खात्यात २० हजार, ठेव एक लाख. ठेवीतून ४० हजार कार्डाला, ३० हजार गच्चीला. उरलेले ३० आणि खात्यातले २० मिळून ५० हजारांची शिल्लक. ती ७५ हजारांवर न्यायला चार-पाच महिने पुरतात. त्यानंतर स्वयंपाकघर, अंदाज दीड लाखाचा. दरमहा पाच हजार बाजूला टाकले, तर अडीच वर्षे लागतात.

अडीच वर्षे! बाई म्हणतील, कर्ज काढून आजच का करू नये? रास्त प्रश्न आहे, हिशेब करू. त्या ‘दहा टक्के सरळ’ कर्जाने दीड लाख तीन वर्षांसाठी घेतले, तर व्याज ४५ हजार. थांबलो आणि सामान-मजुरी वर्षाला सहा टक्क्यांनी वाढली, तर अडीच वर्षांत दीड लाखाचे काम सुमारे साडेतेवीस हजारांनी महागते. म्हणजे भाववाढ धरूनही थांबणे स्वस्तच. आणि सगळे काम एकदम का करावे? पहिल्या वर्षी ओटा आणि नळ, दुसऱ्या वर्षी भिंतीच्या टाइल, मग कपाटे. येथून जवळच कार्ल्याचे चैत्यगृह आहे. त्याच्या कितीतरी खांबांवर निरनिराळ्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. एवढे भव्य काम अनेकांच्या पैशाने, एकेका खांबाच्या हिशेबाने उभे राहिले. मात्र नळाची आणि विजेची कामे टाइल लावण्यापूर्वीच उरकावीत, नाहीतर आमच्या फरशीसारखी गत व्हायची.

उरलेला एक हजार घरकर्जात. हजाराने काय होणार, असे वाटेल. पण वर सांगितलेल्या कर्जात पहिल्यापासून दरमहा हजार रुपये जादा भरले, तर १५ वर्षांचे कर्ज १२ वर्षांत फिटते आणि सुमारे १ लाख ३९ हजारांचे व्याज वाचते. उशिरा सुरू केले तर लाभ कमी, पण असतोच. सात टक्क्यांच्या ठेवीपेक्षा साडेआठ टक्क्यांचे कर्ज फेडणे किफायतीचे. फक्त कर्जात घातलेला पैसा गरजेला परत मागता येत नाही, म्हणून तो शिलकीनंतर. तुकोबांनी आपल्या वाट्याचे कर्जरोखे इंद्रायणीत बुडवले, असे परंपरा सांगते. ही नदी आपल्या कुरवंड्याजवळच उगम पावते खरी, पण तो मार्ग धनकोला मोकळा होता, ऋणकोला नाही.

जादा रक्कम भरताना एक काळजी घ्यावी. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ पासून बँकांना मनाई केली आहे. तेव्हा कोणी तो मागितल्यास नियम दाखवायला सांगावे. रक्कम भरताना हप्ता कमी करावयाचा नसून मुदत कमी करावयाची आहे, असा लेखी अर्ज द्यावा, त्याच्या प्रतीवर शिक्का घ्यावा, आणि पुढल्या महिन्याच्या उताऱ्यात मुद्दल तेवढे उतरले की नाही ते पाहावे.