धुळीचे वादळ आणि आपली छाती

धुळीचे वादळ म्हटले की राजस्थान किंवा अरबस्तान डोळ्यांपुढे येतो. रत्नागिरीकरांना वादळ ठाऊक आहे ते समुद्राचे. पण वाळवंटातली धूळ हा समुद्र ओलांडून कोकणच्या किनाऱ्यावर येऊ शकते, हे जानेवारी २०२२ मध्ये दिसले. २२ तारखेच्या सुमारास पाकिस्तानच्या बाजूने उठलेले धुळीचे लोट अरबी समुद्रावरून गुजरातकडे सरकले आणि २३ तारखेला मुंबईवर उतरले. भर दुपारी सारे धुरकट झाले, उभ्या मोटारींवर पांढरट पूड बसली.

वाळूचा जाड कण फार लांब जात नाही, लवकर खाली बसतो. बारीक कण मात्र वाऱ्यावर हजारो किलोमीटर जातात, आणि अपाय करतात तेही हेच. जाड धूळ नाकातल्या केसांत व शेंबडात अडकते. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही बारीक, थेट फुप्फुसाच्या तळाशी पोहोचतात.

अशी पाहुणी धूळ क्वचित येते. आपली खरी गाठ घरच्या धुळीशी. पाऊस संपून लाल माती सुकली की चिरेखाणी, खडीचे क्रशर आणि कच्चे रस्ते मेअखेरपर्यंत धुरळा उडवतात. महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या काळात रस्त्याकडेला राहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. खाणीत व क्रशरवर काम करणाऱ्यांनी तोंडाला नुसता पंचा बांधून भागत नाही. त्याने जाड धूळ अडते, बारीक नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क हवा, आणि मालकाने दगड कापताना, फोडताना पाणी मारण्याची सोय करायला हवी. दगडाच्या धुळीतील सिलिका वर्षानुवर्षे छातीत गेली तर होणारा सिलिकोसिस बरा होत नाही.

हवा धुरकट झाली की दारे-खिडक्या लावून घ्याव्यात. नंतर केरसुणी न फिरवता ओल्या फडक्याने पुसावे. झाडल्याने बसलेली धूळ पुन्हा उडते. डोळ्यांत कण गेल्यास चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावे. वळवाआधी वावटळ सुटली तर फलक वा झाडाखाली आसरा घेऊ नये. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला अशाच वाऱ्यात जाहिरातीचा प्रचंड फलक पेट्रोलपंपावर कोसळून १७ जण दगावले.

दमेकऱ्यांनी डॉक्टरांनी दिलेला पंप खिशात ठेवावा. पंपाची सवय लागते म्हणून तो टाळणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यापायी रात्री-अपरात्री धावपळ होते. पंप घेऊनही धाप कमी होत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट न पाहता रुग्णाला दवाखान्यात न्यावे.