पाहुणचारांतील मध

अतिथीच्या सत्कारासाठीं आपल्या गृह्यसूत्रांनीं जो विधि सांगितला आहे, त्या मधुपर्काचें नांवच मुळीं मधावरून पडलेलें आहे. ऋत्विज, आचार्य, स्नातक, राजा, सासरा, काका, मामा यांपैकीं कोणी घरीं आला म्हणजे दहीं, तूप व मध यांचें मिश्रण त्याच्यापुढें ठेवावें, अशी रीत होती. आज तें केवळ विवाहांत वराच्या हातावर पडतें, आणि तेंही भटजींनीं दोनदां मागितल्यावर. पंचामृतापुरता मध औषधांच्या कपाटांतून बाहेर येतो व चमचाभर काढून झाला कीं तेथेंच परत जातो. पाहुण्यापुढें मात्र चहा आणि बिस्किटें.

सुरगाण्यासारख्या ठिकाणीं तर हें विशेषच चमत्कारिक वाटतें. १९४८ पर्यंत हें एक लहानसें संस्थान होतें. आतां तो नाशिक जिल्ह्याचा गुजरातला भिडलेला तालुका आहे. डांगच्या रानाशीं सलग असलेले हे डोंगर साग, ऐन, मोह यांनीं भरलेले, आणि वस्ती मुख्यतः कोकणा, वारली व महादेव कोळी या लोकांची. उंच झाडांस व कड्यांस लोंबणारीं मोठालीं उघडीं पोळीं आग्या माशीचीं. झाडाच्या ढोलींत व दगडांच्या सांदींत घर करणारी ती सातेरी. झुडपांत तळहाताएवढें पोळें बांधणारी फुलोरी. सुश्रुतानें मधाचे आठ प्रकार सांगितले ते माशांच्या भेदानेंच. मुलांस अमरकोश पाठ करावयास लावणाऱ्या आमच्यासारख्यांनीं हा भेद रानांत जाऊन पाहावा, हें बरें.

आग्याच्या पोळ्यांत मध वरच्या, जाड भागीं असतो आणि अंडीं व पिलें खालच्या भागीं. पूर्वापार रीतीनें धूर करून माशा हुसकावतात व सबंध पोळें उतरवून पिळतात. त्यांत पिलें चिरडतात, वसाहत उठते आणि मधही गढूळ होतो. तोच मधाचा भाग तेवढा कापून घेतला तर माशा टिकतात व मध स्वच्छ मिळतो. यास वेळ अधिक लागतो, अर्थात् मोल अधिक पडतें. २००६ च्या वनहक्क कायद्यानें मध हें गौण वनोपज धरून त्यावर रानांतील लोकांची मालकी मान्य केली आहे. पण मालकी कायद्यानें मिळाली तरी भाव गिऱ्हाईकच ठरवितें. कड्यावर चढून आणलेल्या बाटलीसाठीं घासाघीस करणारा गृहस्थ मिठाईच्या दुकानांत मुकाट्यानें पैसे मोजतो, हें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे.

घासाघीस परवडली, पण संशय नको. थंडींत मधानें रवा धरला कीं सुशिक्षित घरांतून लगेच “गुळाचें पाणी दिलें” अशी ओरड होते. वास्तविक मधांतील द्राक्षशर्करा थंडींत वेगळी होते, एवढाच त्याचा अर्थ. बरणी कोमट पाण्यांत ठेवली कीं मध पुन्हां पातळ होतो. पाण्यांत थेंब टाकून पाहणें, वात भिजवून पेटविणें, या घरगुती परीक्षांतून कांहींच सिद्ध होत नाहीं. घट्ट पाकही पाण्याच्या तळाशीं जातो. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनें २०२० सालीं बाजारांतील तेरा नाममुद्रांचा मध तपासविला, तेव्हां सर्व कसोट्यांस तीनच उतरल्या. तेव्हां ओळखीच्या माणसाकडून घेणें हीच त्यांतल्या त्यांत खात्री. रानमधांत पाण्याचा अंश जास्त असतो व तो वीस टक्क्यांच्या वर गेला कीं मध आंबूं लागतो. म्हणून काचेची बरणी, घट्ट झांकण व कोरडा चमचा. मध आम्लधर्मी असल्यामुळें पितळेचें भांडें वर्ज्य.

आतां पानांतील गोष्ट. मध तापवूं नये असें चरकानें सांगितलें आहे. दुसरें कांहीं नाहीं तरी तापविल्यानें त्याचा सुवास जातो, हें कोणत्याही सुगरणीस पटेल. म्हणून पदार्थ चुलीवरून उतरून कोमट झाल्यावरच मध घालावा, आणि साखरेच्या पाऊणपटच घालावा, कारण तो अधिक गोड लागतो. नागलीच्या भाकरीवर लोणी व त्यावर मधाची धार, हें न्याहारीचें पान आम्ही कोणत्याही पक्वान्नाच्या पंक्तीस बसवूं. किसलेला आवळा, आल्याचा रस आणि मध यांचें चाटण जेवणाच्या शेवटीं द्यावें. लिंबाच्या सरबतांत साखरेऐवजीं मध घातल्यास रंग जरा गढूळ येतो, पण चव निराळीच.

सुरगाणा तालुक्यांत अलीकडे स्ट्रॉबेरीची लागवड होते. पाव किलो चक्का फेंटून त्यांत तीन चमचे मध मिसळावा आणि फळांच्या फोडी अगदीं वाढतेवेळीं घालाव्या. आधीं घातल्यास मधामुळें फळाला पाणी सुटतें. पाहुणे खवय्ये असतील तर महाबळेश्वरकडील काळसर, किंचित् तुरट जांभूळमध व आपल्या रानांतील मध दोन वाट्यांत शेजारीं ठेवावा. त्यावरून गप्पा आपोआप निघतात.

एका बाबतींत मात्र जुन्या रीतीस मुरड घालावीच लागेल. जातकर्मांत बालकास सुवर्णानें मध व तूप चाटविण्याचा संस्कार आहे. परंतु मधांत एका घातक जंतूचीं बीजें असूं शकतात. मोठ्यांच्या पोटांत तीं निरुपद्रवी ठरतात. तान्ह्याच्या आंतड्यांत मात्र रुजून विष निर्माण करतात, व त्यानें अंग लुळें पडून श्वास बंद पडण्यापर्यंत पाळी येते. म्हणून एक वर्ष पुरें होईपर्यंत बाळाला मधाचा थेंबही देऊं नये, असें डॉक्टर सांगतात. आमच्या घरीं नात झाली तेव्हां यावरून माजघरांत बराच वाद झाला. “आपण सारे मध चाटूनच वाढलों ना?” असें आमच्या वडील भगिनींनीं विचारलें. जे वाढले नाहींत ते हा प्रश्न विचारावयास येत नाहींत, एवढेंच आम्हीं म्हटलें. अखेर मंत्र म्हटला गेला, सोनें बाळाच्या तळहातास लाविलें, आणि वाटींतला मध त्या थोरल्या आत्याबाईंनींच चाखला. येत्या वैशाखांत नातीला वर्ष पुरें होईल. तिच्या वांट्याची बाटली नांव लिहून कपाटांत ठेवलेली आहे.