इंजिन बंद पडलं म्हणून विमान कोसळत नाही

कॅलिफोर्नियाच्या बे एरियात खासगी वैमानिकाचा परवाना काढलेले मराठी इंजिनिअर आता भेटू लागले आहेत. सुट्टीच्या सकाळी पालो अल्टो किंवा सॅन कार्लोसच्या छोट्या विमानतळावरून सेसना १७२ विमान भाड्याने घ्यायचं आणि मित्राला वरून गोल्डन गेट पूल दाखवून आणायचा, हा त्यांचा आवडता बेत. मित्राचा प्रश्नही ठरलेला: ‘‘वर इंजिन बंद पडलं तर? दगडासारखे खालीच ना?’’

नाही. विमान असं कोसळतं, हे भौतिकशास्त्र शिकलेली माणसंही छातीठोकपणे सांगतात, तेव्हा खरंच राग येतो. विमानाला इंजिन नव्हे, पंख उचलून धरतात. पंखाला हवेतून पुढे जाण्याचा वेग लागतो. तो इंजिनाने दिला की गुरुत्वाकर्षणाने, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. उतारावर पायडल न मारता सायकल धावते, तसं नाक किंचित खाली ठेवलेलं विमान तरंगत पुढे जात राहतं. सेसना १७२ च्या माहितीपुस्तिकेतला तक्ता पाहा: वारा नसेल तर ३,००० फुटांवरून सुमारे ८ किलोमीटर अंतर कापता येतं. त्याला साधारण चार मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात धावपट्टी किंवा मोकळं शेत गाठायचं असतं. प्रशिक्षक थ्रॉटल मागे ओढून, म्हणजे इंजिनाची ताकद काढून घेऊन, याचा सराव पुन्हा पुन्हा करून घेतो. परवान्याच्या परीक्षेतही हे करून दाखवावं लागतं. खाली खाडीचं पाणी किंवा दाट वस्ती असेल तर पर्याय कमी उरतात, हे खरं आहे. म्हणून तर शहाणा वैमानिक किनारा गाठता येईल एवढी उंची राखून उडतो.

मोठ्या विमानांचंही तेच. १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ चं इंधन ४१,००० फुटांवर संपत आलं, कारण ते भरताना किलोऐवजी पौंडांचा हिशेब झाला होता. दोन्ही इंजिनं बंद पडलेलं ते विमान तरंगत कॅनडातल्या गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरलं आणि सगळे वाचले.

मग भीती कशाची बाळगायची? ढगांची. क्षितिज दिसेनासं झालं की कान आणि शरीर खोटं सांगू लागतात. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठाने, नुसती उपकरणं पाहून उडण्याचं शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांवर एक प्रयोग केला. बाहेरचं दिसणं बंद केल्यावर पहिल्या प्रयत्नात सगळ्यांचाच ताबा सुटला, तोही सरासरी १७८ सेकंदांत. उन्हाळ्यात गोल्डन गेटमधून धुकं आत सरकतं, ते खालून फार सुंदर दिसतं. वैमानिक मित्राला काही विचारायचंच असेल तर ‘‘धुकं आलं तर परत फिरशील ना?’’ हे विचारा. आणि तो फिरला, तर ‘‘आता एवढं आलोच आहोत...’’ असं चुकूनही म्हणू नका.

आणखीही काही समज कानावर येतात. ‘विमान कारपेक्षा सुरक्षित’ हे प्रवासी कंपन्यांच्या विमानांबद्दल खरं आहे, छोट्या खासगी विमानांबद्दल नाही. अमेरिकेत त्यांच्या दर लाख उड्डाणतासांमागे साधारण एक जीवघेणा अपघात होतो. हा आकडा सोबत येणाऱ्या मित्रापासून लपवू नये.

‘बॅटरी गेली की इंजिन गेलं.’ चूक. या छोट्या विमानांच्या इंजिनांना ठिणगी देणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात, त्यांना बॅटरी लागत नाही.

‘एअर पॉकेट’ नावाची हवेत कुठलीही पोकळी नसते. वर चढणाऱ्या आणि खाली येणाऱ्या हवेच्या प्रवाहांमुळे हादरे बसतात.

‘परवाना आहे म्हणजे कधीही कुणाला घेऊन जाता येतं.’ अमेरिकेतल्या नियमानुसार मागच्या ९० दिवसांत किमान तीन उड्डाणं आणि तीन अवतरणं झालेली नसतील, तर प्रवासी बसवता येत नाही.

‘‘सगळा खर्च मी देतो’’ म्हणणाऱ्या मित्रालाही नाहीच म्हणावं लागतं. इंधन, तेल, विमानतळाचे आकार आणि विमानाचं भाडं यात वैमानिकाने किमान स्वतःचा वाटा उचललाच पाहिजे. दोघेच असतील तर निम्मा.